त्रेचाळीस लिंका आणि एक नोटीस : मराठी प्रकाशकांना खुले पत्र

मराठी प्रकाशक मंडळींस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री पावणेअकरा वाजता माझ्या व्हॉट्सॲपवर एक नोटीस आली. आपल्यापैकी एका प्रकाशनसंस्थेच्या वतीने कुठल्याशा 'डिजिटल देखरेख' करणाऱ्या कंपनीने ती पाठवली होती. सोबत त्रेचाळीस लिंकांची यादी. आमच्या वाचकगटात सभासदांनी या लिंका टाकल्या आहेत, त्या चोवीस तासांत काढा, टाकणाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर आम्हाला द्या, नाहीतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली तुम्हा तिन्ही ॲडमिनवर गुन्हा दाखल करू, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा मजकूर. खाली सही नाही. फोन नंबर नाही. उत्तर पाठवायचा पत्ताही नाही.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तुरुंगात जायची वेळ आली तर सोबत कोणतं पुस्तक न्यायचं, असा एक विचार मनात येऊन गेला. मग चष्मा लावला आणि यादी तपासायला बसले.

आम्ही कोण, हे आधी सांगते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. माझ्यासोबत नाशिकचे बँकेतले एक गृहस्थ आणि डब्लिनला नोकरी करणारा एक मुलगा. सहा वर्षं आम्ही तिघं मराठी पुस्तकांवर बोलणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट सांभाळतो. सभासद अकरा हजारांवर आहेत. पैसे कोणी देत नाही, आम्ही मागत नाही. रोज रात्री जेवणं उरकली की तासभर बसून वाद मिटवायचे, जाहिराती काढायच्या, शुभ सकाळवाल्यांना हात जोडायचे, एवढंच आमचं काम.

आणि चोरीच्या पीडीएफ काढायच्या. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण नोटिशीचा सूर असा होता की जणू आम्ही चोरबाजारच मांडून बसलोय.

माझे वडील कोल्हापूरच्या एका छापखान्यात जुळारी होते. छपाईचे अक्षरखिळे जुळवून जुळवून त्यांची बोटं कायमची काळी पडली होती, आणि उलटा मजकूर ते सरळ मजकुरापेक्षा भरभर वाचत. पुस्तक हातात येण्याआधी किती जणांची पाठ मोडते, हे मला कोणी नव्याने शिकवायला नको. आमच्या गटात एक लेखक होते. चार वर्षं खपून त्यांनी कादंबरी लिहिली. प्रकाशनाला पंधरवडाही झाला नव्हता, तेवढ्यात कोणीतरी पानापानाचे मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ आमच्याच गटात येऊन पडली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली. खाली 'धन्यवाद दादा', 'कधीपासून शोधत होतो' अशा साठ-सत्तर प्रतिक्रिया. आम्ही ती पाहून काढेपर्यंत सकाळ झाली होती. ते लेखक एक अक्षर न लिहिता गटातून निघून गेले. त्यांना मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. उचलून तरी काय बोलणार होते?

त्या दिवसापासून आमचा नियम आहे : कॉपीराइट असलेल्या पुस्तकाची फुकट प्रत किंवा तिची लिंक टाकली तर पोस्ट जाते, दुसऱ्यांदा टाकली तर सभासद जातो. आतापर्यंत बरेच जण गेले. त्यात माझा एक सख्खा मावसभाऊ आहे आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता त्या त्रेचाळीस लिंकांचा हिशेब मांडते. आम्ही तिघांनी दोन रात्री जागून एकेक उघडून पाहिली.

सतरा लिंका खरोखरच चोरीच्या होत्या, बहुतेक टेलिग्रामवरच्या. त्या आमच्या नजरेतून सुटल्या होत्या, चूक आमची. सोमवारी दुपारपर्यंत त्या काढल्या, टाकणाऱ्यांना ताकीद दिली. याबद्दल आपले आभारच.

उरल्या सव्वीस. त्यांतल्या नऊ लिंका पुस्तक विकत घेण्याच्या पानाच्या होत्या. आपल्याच पुस्तकांच्या! 'हे वाचा, इथे मिळेल' असं सभासदाने लिहून खाली दुकानाची लिंक दिलेली. पुस्तकाचं नाव आणि लिंक एका जागी दिसली की त्या कंपनीच्या यंत्राने उचललं, एवढाच त्याचा अर्थ. पाच लिंका परीक्षणांच्या होत्या. मुखपृष्ठाचा फोटो आणि दोन-चार ओळींचा उतारा. परीक्षणासाठी असा उतारा घ्यायला कलम 52 उघड परवानगी देतं, आणि त्या पाचांपैकी दोन परीक्षणं तर आपल्याच संस्थेने कौतुकाने स्वतःच्या पानावर पुन्हा दिली होती. तीन लिंका महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरच्या होत्या. मंडळ आपली पुस्तकं तिथे सर्वांसाठी मोफत ठेवतं; ती आपल्या मालकीची कधी झाली? दोन लिंका बंदच होत्या, उघडतच नव्हत्या. एक होती आमच्या गटातल्या एका दृष्टिहीन शिक्षकांसाठीची, तिच्याकडे पुढे येते.

आणि सहा होत्या मुदत संपलेल्या पुस्तकांच्या.

या सहांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथेच माझा राग सगळ्यात जास्त आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून. पूर्वी ती पन्नास होती; रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत 1991 अखेर संपणार म्हणून ती साठ झाली. हरी नारायण आपटे 1919 मध्ये गेले. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांचं साहित्य सगळ्यांचं. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, हयातीत छापलेल्या त्यांच्या कविता 2017 पासून खुल्या. बहिणाबाईंचा हिशेब जरा वेगळा आहे : त्या 1951 मध्ये गेल्या आणि कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 मध्ये. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून 2012 अखेर मुदत संपली. उलट अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2029 संपेपर्यंत बंद. पुलं 2000 मध्ये गेले, तेव्हा 2060 पर्यंत कोणी हात लावू नये, आणि आम्ही लावू देत नाही. पुलंच्या पीडीएफ आम्ही जितक्या काढल्या असतील तितक्या दुसऱ्या कोणाच्याही नाहीत.

हा सगळा हिशेब आमच्या नाशिकच्या मित्रांनी एका तक्त्यात मांडून ठेवलाय. बँकेतला माणूस, त्याला मुदतठेवींची सवय! गटात कोणी जुनं पुस्तक मागितलं की आधी तो तक्ता पाहतो. एक घरगुती तक्ता जे करतो, ते आपण पैसे देऊन नेमलेल्या कंपनीला करता येऊ नये?

तुम्ही म्हणाल, त्या पुस्तकांच्या आमच्या आवृत्त्या आहेत. आहेत की. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रं, मुखपृष्ठ यांवर वेगळा हक्क असू शकतो, हे मला माहीत आहे. अनुवादकाचा हक्कही मूळ लेखकापासून वेगळा मोजावा लागतो. पण आमच्या सहाही लिंका मूळच्या जुन्या छापील प्रतींच्या स्कॅनच्या होत्या. कुठल्यातरी ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, वाळवीने खाल्लेल्या कडा, शेवटच्या पानावर 'किंमत बारा आणे'. त्यात आपलं एक अक्षर नाही. जे आपलं नाही त्यावर मालकी सांगून ते लोकांच्या हातून काढून घ्यायचं, याला काय म्हणायचं ते आपणच ठरवा. पायरसी हा शब्द मी वापरत नाही.

यापेक्षा मोठा घोळ पुढे झाला. नोटिशीची प्रत त्या कंपनीने आमचा गट ज्या मंचावर चालतो तिथेही धाडली होती. मंगळवारी सकाळी गट बंद. बारा दिवस बंद राहिला. आम्ही अर्ज केले, पुरावे जोडले, यंत्राची उत्तरं आली. तेराव्या दिवशी काही न सांगता गट उघडला, पण उरलेल्या सव्वीसच्या सव्वीस पोस्टी खालच्या चर्चांसकट गेलेल्या. त्या सहांतल्या साने गुरुजींच्या पोस्टीखाली एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी ते शाळकरी असताना काय काय पाहिलं, ते तुकड्यातुकड्यांनी लिहिलं होतं. आजोबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या मुलीने मला विचारलं, बाबांचं लिहिलेलं कुठे सापडेल? काय सांगू तिला?

आता कायद्याचं बोलू, कारण नोटिशीत कायदा फार होता. मी वकील नाही. पण कायदा मराठी माणसाला वाचता येतो.

2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये लिंक देणं आणि त्यासाठी होणारी तात्पुरती साठवण यांचा विचार झाला आहे. प्रत चोरीची आहे हे माहीत असेल किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल, तर सवलत नाही, हे योग्यच. पण हक्कधारकाने तक्रार कशी करायची, तेही 2013 च्या नियमांत, नियम 75 मध्ये, सांगितलं आहे. लेखी तक्रार हवी. कोणतं पुस्तक ते ओळखता येईल इतका तपशील हवा. हक्क आपला आहे याचा पुरावा हवा. कलम 52 मधल्या सवलतींत ही गोष्ट बसत नाही, हे दाखवायला हवं. नेमकी जागा हवी. आणि एकवीस दिवसांत कोर्टात दावा लावीन, अशी हमी हवी. अशी तक्रार आली की छत्तीस तासांत ती गोष्ट बंद करायची, का बंद केली ते येणाऱ्याला कळेल अशी सूचना लावायची, आणि एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. दोन्ही बाजूंना काही ना काही जबाबदारी दिलेली आहे. आमच्यासारखे फुकटचे ॲडमिन या नियमातल्या 'साठवणाऱ्या'त बसतात की नाही, यावर वकील दोन तास भांडतील. भांडोत. आम्ही छत्तीस तासांची मुदत आपखुशीने पाळतो. आपण मात्र आपल्या वाट्याचं काहीच केलं नाहीत.

टी-सीरीज या संगीत कंपनीने मायस्पेस या समाजमाध्यमावर केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये म्हटलं, की आपल्याकडे काहीतरी चोरीचं असेल अशी मोघम जाणीव पुरत नाही. कोणती कृती, नेमकी कुठे, हे हक्कधारकाने दाखवायला हवं. तिथे तर समोर मोठी कंपनी होती. कलम 63 मध्येही 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, तो आपल्या नोटिशीत गाळलेला दिसला. सभासदाच्या पोस्टीसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका व्हॉट्सॲप गटाच्या प्रकरणात म्हटलंय. ते प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं, मान्य. पण 'तुम्ही ॲडमिन म्हणजे तुम्हीच चोर' हे वाक्य कोणत्या कायद्यात सापडलं, तेवढं कळवावं. आणि आधार नसताना कारवाईची धमकी दिली, तर धमकी खाणाऱ्याला कोर्टात जाता येतं, असंही कलम 60 त्याच पुस्तकात आहे. आम्ही जाणार नाही. मला पेन्शन नाही, वेळही नाही. पण कलम आहे.

हक्काच्या पुराव्याचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. यादीतली दोन पुस्तकं अशी आहेत, की त्यांच्या लेखिकेच्या मुलाशी मी स्वतः बोलले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे 1998 मध्ये आईने एका पानाचा कागद सही केला, त्यात मुदत लिहिलेलीच नाही. 1995 नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी, असं कलम 19 सांगतं. मग आज हक्क कोणाचा? तुमचा की त्याचा? मी निवाडा करत नाही. पण नोटीस पाठवण्याआधी कपाटातला करार उघडून पाहायला काय हरकत आहे?

त्या दृष्टिहीन शिक्षकांचं आता. त्यांना स्क्रीनवर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने वाचता येईल अशी फाइल एका सभासदाने पाठवली होती. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणण्याला आपल्या कायद्यात 2012 पासून सवलत आहे, आणि दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, 2014 मध्ये. ती लिंक अकरा हजार लोकांसमोर ठेवायला नको होती, थेट सरांना पाठवायची होती, हे मी मान्य करते आणि तसा नियम आता केला आहे. पण सरांनी त्या पुस्तकासाठी आधी आपल्याकडेच तीन ईमेल केले होते. पैसे देतो, फाइल द्या म्हणून. उत्तर आलं नाही.

उत्तर न येणं हेच आपल्या-आमच्यातलं खरं दुखणं आहे. ग्रंथपाल असताना मी आपल्याला पोस्टकार्डं लिहीत असे. अमुक पुस्तकाच्या तीन प्रती हव्यात. 'आवृत्ती संपली.' पुन्हा कधी? 'विचार नाही.' असं वीस-वीस वर्षं. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला वापरासाठी करून घेता येतात, अशी तरतूद कायद्यात आहे. मी त्या आधारे दोन पुस्तकं झेरॉक्स करून बांधून घेतली होती, अजून वाचनालयात असतील. पण डब्लिनच्या मुलाने काय करायचं? मस्कतच्या नर्सने? तिकडे पुस्तकापेक्षा टपालच महाग, आणि ई-पुस्तक निघालेलंच नाही. सतरा चोरीच्या लिंकांपैकी अकरा पुस्तकं आज कुठेही विकत मिळत नाहीत. म्हणून चोरी बरोबर ठरते असं मी म्हणत नाही, त्या अकराही मी काढल्याच. पण काढताना हात जड झाला, हे लपवून काय उपयोग?

तेव्हा मागण्या सांगते. तक्रार पुस्तकागणिक करा : पुस्तक, लेखक, आवृत्ती, नेमकी लिंक, हक्क कशाच्या आधारे, आणि खाली जबाबदार माणसाचं नाव व नंबर. ती आधी आम्हाला पाठवा, छत्तीस तास द्या, मगच वर जा. पाठवण्याआधी एका मराठी वाचता येणाऱ्या माणसाला लिंक उघडून पाहायला सांगा; यंत्रावर सोडू नका. सभासदांचे नंबर मागू नका. ते आम्ही पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या लेखी आदेशाशिवाय देणार नाही, कितीही नोटिसा आल्या तरी. चुकीची तक्रार झाली तर ती मंचाकडे लेखी मागे घ्या. दोन बंद लिंका सोडून आमच्या चोवीस पोस्टींसाठी हे पत्र मिळताच घ्या, म्हणजे त्या आजोबांचं लेखन परत येण्याची काही आशा राहील. आणि आपल्या संघटनांनी संपलेल्या आवृत्त्यांची एक यादी जाहीर करावी : कोणतं पुस्तक पुन्हा काढणार, कोणतं मागणीनुसार छापून देणार, कोणत्याचे हक्क लेखकाला किंवा वारसांना परत देणार. सगळं एका वर्षात होणार नाही, ठाऊक आहे. यादी तरी होईल.

आमच्या बाजूने आम्ही तक्रारीचा साधा नमुना करून गटाच्या माथ्यावर लावला आहे. तिघांपैकी एक जण कायम बघतो. आपल्याकडे मध्यरात्र झाली तरी डब्लिनचा मुलगा जागा असतो. नाशिककरांचा मुदतीचा तक्ता हवा असेल तर मागा, फुकट आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही.

एक राहिलंच. आपल्याच पुस्तकांच्या विक्रीच्या त्या नऊ लिंका आम्ही अजून परत लावलेल्या नाहीत. लावू का, ते कळवावं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल आणि तिघांतली एक ॲडमिन